पुण्याला विचारणारं दार

"काय म्हनतंय ते?" मालनबाईंनी मला विचारलं.

"ओळख पटली नाही म्हणतंय. अंगठा पुसा आणि परत ठेवा."

त्यांनी अंगठा पदराला खसाखसा पुसला आणि यंत्राच्या काचेवर टेकवला. लाल दिवा लागला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "क्षमस्व, आपली ओळख पटली नाही."

"ही शेड बांधली तवापास्नं हितं बेदाणा निवडतीया मी," मालनबाई थेट यंत्राशीच बोलायला लागल्या. "मालक वळखत्यात, मालकाचं कुत्रं वळखतंय. आन तुला पटंना व्हय गं भवाने?"

मला हसू आलं, पण मागे गिरीशसर उभे होते म्हणून मी ते गिळलं.

तासगावच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध, जिनपाल मगदुमांचं कोल्ड स्टोरेज होतं. आसपासचे द्राक्षवाले बेदाणा करून भाव येईपर्यंत इथे आणून ठेवत. खोल्या एवढाल्या की आत ट्रक वळेल, भिंती वीतभर जाड, आणि आत बारा महिने फ्रिजसारखा गारठा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या खोलीला नवं दार करून त्याला आम्ही पुण्याहून आणलेलं बोटाच्या ठशाचं कुलूप बसवलं होतं. त्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी कर्वेनगरमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. माझं घर इचलकरंजीचं, वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे, आणि 'आमची निलोफर पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे' हे वाक्य ते वाट्टेल त्याला सांगायचे. त्यांना वाटायचं मी नवीन काहीतरी बनवते. प्रत्यक्षात माझा दिवस दुसऱ्यांनी दिलेल्या शब्दांची भरपाई करण्यात जायचा. "छोटासाच बदल आहे" असं कुणी म्हणालं की मी शनिवार-रविवारचे बेत रद्द करायचे. छोटासा बदल म्हणजे एक बटण, आणि त्या बटणामागे चार दिवसांचं काम. ते झालं की बटण नको असायचं. शुक्रवारी संध्याकाळी काही पाठवू नये हे जगातल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला कळतं आणि एकाही मॅनेजरला कळत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

गिरीश तांबवेकर माझे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर न विचारता रजा द्यायचे, ऑफिसात कुणाचा वाढदिवस विसरायचे नाहीत. पण समोर ग्राहक बसला की ते दुसरेच व्हायचे. ग्राहकाने काहीही मागितलं की म्हणायचे, "होऊन जाईल." कर्ता न सांगता क्रियापद वापरण्यात सरांचा हातखंडा होता. कर्ता मी असायचे.

मगदुमांच्या इथून मागे एकदा, वीज गेलेली असताना, बेदाणा चोरीला गेला होता. म्हणून त्यांना असं दार हवं होतं की जे बोट ठेवल्याशिवाय आतही घेणार नाही आणि बाहेरही सोडणार नाही, आणि वीज गेली तरी बंदच राहील. "होऊन जाईल," सर म्हणाले. वर आपल्या मनाने आणखी एक गोष्ट त्यांनी जोडली. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे मगदुमांना मोबाइलवर कुठूनही दिसावं म्हणून प्रत्येक बोटाचा ठसा इंटरनेटवरून आमच्या पुण्याच्या सर्व्हरकडे जाणार, तिथून होकार आला की कडी सरकणार. थोडक्यात, तासगावच्या दाराने उघडायच्या आधी दर वेळी पुण्याला विचारायचं.

"सर, दाराला थोडी स्वतःची अक्कल पाहिजे," मी म्हणाले होते. "माणसांची यादी दारातच ठेवू. नेट गेलं तर काय करायचं?"

"नेट हल्ली कुठे जातं?"

"आणि आतून एक लाल दांडी हवीच. हाताने ढकलली की दार उघडेल अशी. जुन्या दाराला आहे तशी. तिला सॉफ्टवेअरशी काही देणंघेणं नको."

"दांडी ठेवली तर चोरही तिनेच बाहेर येईल, असं मगदूम म्हणतात. आपण ते फेज टूमध्ये बघू."

फेज टू म्हणजे आमच्या कंपनीतलं स्मशान. तिथे गेलेली गोष्ट परत आलेली मी पाहिली नाही. तरी मी मेल केला. उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा केला. शेवटच्या मेलला 'नोंद घेतली' असं दोन शब्दांचं उत्तर आलं. त्यानंतर मी सरांकडे दुसरं काम मागितलं. ते म्हणाले, "हे एकदा चालू होऊ दे, मग तुला सोडतो." आधीच्या कामाच्या वेळीही ते हेच म्हणाले होते. राजीनामा द्यावा तर नोटीस तीन महिन्यांची, आणि तीन महिने थांबायला नवी कंपनी तयार नव्हती. मी गप्प बसले आणि कोड लिहिला.

त्या दिवशी दुपारी उद्घाटन होतं. बाजार समितीची मंडळी यायची होती. दाराबाहेर लाल फीत बांधली होती, खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळी मी, सरांनी आणि मगदुमांनी बोटं ठेवून पाहिली, दार सुरळीत उघडलं. अडचण होती ती बायकांची. सारा जन्म बेदाण्याची देठं खुडून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. यंत्राला वाचायला काही उरलंच नव्हतं.

"निलोफर, आत चल," सर म्हणाले. "मावशींना पण घे. आतल्या यंत्रावर हिरवा दिवा लागतानाचा एक फोटो काढतो. बंद दारातून कामगार बाई स्वतःच्या बोटाने बाहेर येते, असा. प्रेझेंटेशनला छान दिसेल."

"त्यांचं बोट लागत नाहीये सर."

"नाही लागलं तर तू तुझं लाव. फोटोत काय कळतंय?"

आम्ही तिघं आत गेलो. माझा लॅपटॉप बाहेर टेबलावर होता. मालनबाईंची पिशवीही बाहेरच खुर्चीवर होती. सरांनी दार ओढून घेतलं. रबर दाबल्याचा आवाज आला आणि कडी आपोआप सरकली.

मालनबाईंनी अंगठा ठेवला. लाल. मी माझं बोट ठेवलं. लाल. यंत्रातली बाई काहीच बोलली नाही, तेव्हाच मला कळलं. ओळख पटली नाही तर ती बोलायची. उत्तरच आलं नाही तर बोलायला तिच्याकडे काही नसायचं. ते वाक्य लिहायचं माझं राहून गेलं होतं.

सरांनी बोट ठेवलं. लाल.

"नेट गेलंय," मी म्हणाले.

"येईल," सर म्हणाले आणि फोन काढला. त्या भिंतींतून फोनला रेंज मिळणं शक्यच नव्हतं.

आम्ही दार बडवलं. आतल्या यंत्राची वायर बाहेर नेण्यासाठी चौकटीत बोटभर रुंदीचं भोक पाडलं होतं, तेवढीच काय ती बाहेरच्या जगाशी आमची वाट. थोड्या वेळाने त्या भोकातून मगदुमांचा आवाज आला.

"साहेब, रस्त्याच्या कामावर जेसीबीनं वायर तोडलीया. फोन लावलाय मी कंपनीला. दहा मिनिटांत जोडतो म्हणत्यात."

"काही घाई नाही!" सर हसत ओरडले. "आम्ही आतली पाहणी करतोय!"

"मोबाइलचं नेट लावून बघू का यंत्राला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चोरांनी बाहेरून काही घुसडू नये म्हणून ते यंत्र फक्त वायरीतूनच आलेलं मानायचं. तसंच मागितलं होतं, तसंच मी करून दिलं होतं.

दहा मिनिटं म्हणजे नेटवाल्यांची दहा मिनिटं. ती संपली की पुन्हा नवी दहा सुरू व्हायची. वर पंखे घोंघावत होते. छतापर्यंत रचलेल्या खोक्यांमधून गोडसर, आंबूस वास येत होता. सर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात दंड चोळत इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. माझ्या अंगावर पातळ ओढणी होती. मालनबाई एका खोक्यावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. आत काम करताना त्या कानाला स्कार्फ बांधत, अंगात पुरुषी स्वेटर घालत, पण आज फोटो काढायचा म्हणून मगदुमांनी त्यांना चांगलं लुगडं नेसून यायला सांगितलं होतं.

"कुठली गं तू?" त्यांनी मला विचारलं.

"इचलकरंजीची. मुजावर."

"आन ह्ये दार तू केलंस?"

"दार नाही. आतला प्रोग्रॅम."

"त्यो काय करतो?"

"दार उघडायचं की नाही ते ठरवतो."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग सांग की त्याला."

माझ्याच हाताने लिहिलेली प्रत्येक ओळ मला आठवत होती. कुठे काय विचारलं जातं, कुठे थांबलं जातं, कुठे हरकत घेतली जाते. त्या सगळ्या ओळींमध्ये 'आत माणूस आहे' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मालाची नोंद होती, वेळेची होती, बोटाची होती.

"आज हे पार पडू दे," सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "वरून फार दडपण आहे. आजची तारीख मोठ्या साहेबांनी चार ठिकाणी सांगून टाकली आहे. आणखी चार कोल्ड स्टोरेजवाले बघायला येणार आहेत. तुला काय वाटतं, मला काही कळत नाही? मीही मध्येच अडकलोय गं."

त्यांचे ओठ निळसर पडले होते. पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

तेवढ्यात मालनबाईंना खोकला आला. साधा, घशातला. मग पुन्हा आला. मग तो थांबेचना. त्या खोक्यावरून उतरून खाली बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, आणि श्वास आत घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"मावशी, काय होतंय?"

"काय न्हाई." त्यांनी हात झटकला. "दमा हाय. गारठ्यात… हुतंय कवा कवा. स्वेटर असला की… न्हाई हुत."

"औषध?"

"पिशवीत. फुस्कारायचं."

पिशवी दाराच्या पलीकडे खुर्चीवर होती, आणि बोटभर भोकातून पंप आत येणं शक्य नव्हतं. मी माझी ओढणी त्यांच्या छातीभोवती गुंडाळली, पाठ चोळली. पाठीला हात लावला तर आतलं घरघरणं हाताला लागत होतं. मी भोकापाशी गेले.

"मगदूमसाहेब! मालनबाईंना धाप लागलीय. त्यांना दमा आहे. दार तोडा!"

बाहेर कुजबुज झाली. मग मगदूम म्हणाले, "आवो, दार तोडलं तर ही खोली बंद कशी करू? आत शेपाचशे शेतकऱ्यांचा माल हाय. उन्हाळ्याचं दिवस. माल घामेजला की काळा पडतो, मग त्येला कुत्रं इचारत न्हाई. दुसरं दार बसवायला आठवडा जाईल. लोकांनी माझ्या भरवशावर ठेवलाय माल."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"वायर जोडायला माणूस खांबावर चढलाय म्हणत्यात," ते पुढे म्हणाले. "साहेब काय म्हणत्यात? साहेब, तोडू का?"

मी वळून सरांकडे पाहिलं. सर दाराजवळ आले. मला वाटलं, आता सांगतील.

"नको, नको!" ते भोकाला तोंड लावून म्हणाले. "तोडू नका. माणूस चढलाय ना? मग पाचच मिनिटं. मावशी ठीक आहेत."

स्वतः काकडत, दात वाजत असताना, बाहेर निघायला दुसरी वाट नसताना, तो माणूस आतून दार धरून उभा होता. मी इतकी थक्क झाले की क्षणभर मला थंडीचंही भान राहिलं नाही.

"सर, त्यांच्याकडे बघा तरी."

त्यांनी पाहिलं. मालनबाईंची मान मागे गेली होती, गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती. बोलायला गेल्या तर शब्द फुटेना. त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ती पकड अशी होती की नंतर चार दिवस तिथे वळ राहिला.

"निलोफर, दार तोडलं तर सगळं संपलं," सर म्हणाले. "सगळं. नेट येणारच आहे. आलं की उघडेल. तू लिहिलंयस, तुला माहीत आहे उघडेल."

मला माहीत होतं. नेट आलं असतं तर ते दार नक्की उघडलं असतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये सतरा खोडी होत्या, पण ही एक गोष्ट मी नीट केली होती. जोडणी परत आली की यंत्र आपण होऊन पुन्हा विचारायचं. ते मी कितीतरी वेळा वायर काढून, लावून तपासलं होतं.

मी मालनबाईंचा हात सोडवला आणि भोकापाशी गेले.

"मगदूमसाहेब, ऐका. नेट आलं तरी हे दार उघडणार नाही."

"आँ?"

"आतला प्रोग्रॅम अडकलाय. आता नेट आलं काय, न आलं काय, हे बंदच राहणार. खांबावर कितीही माणसं चढवा."

"साहेबांस्नी इचारा की वो जरा."

"साहेबांनी लिहिलेलं नाही हे. मी लिहिलंय. मी सांगतेय, उघडणार नाही. पहार आणा."

माझ्यामागे सर उभे होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, 'ती घाबरलीय, तिचं ऐकू नका' एवढं म्हणाले असते, तर मगदूम थांबले असते. मी मागे न वळता वाट पाहत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मालनबाईंची शिट्टी ऐकू येत होती. सर बोलले नाहीत.

मग पहारीचा पहिला घाव बसला.

दार सहजासहजी हटलं नाही. पत्रा वाकला, आतला पांढरा थर्माकोलसारखा भुगा उडाला, कुणीतरी "मागं सरा!" म्हणून ओरडलं, आणि कडीसकट चौकटीचा तुकडा बाहेर आला. ऊन एकदम अंगावर पडलं. ते इतकं गरम होतं की भाजल्यासारखं वाटलं. मी पिशवी हिसकून घेतली, पंप काढला, मालनबाईंच्या तोंडाला लावला. त्यांना धड ओढताही येईना. मगदुमांनी स्वतः त्यांना उचलून पिकअपमध्ये ठेवलं. शेजारी एक बाई चढली, आणि गाडी फुफाटा उडवत तासगावच्या दवाखान्याकडे गेली. लाल फीत पायांखाली तुडवली गेली होती.

बाकीच्या बाया आणि गडी ताडपत्र्या, चादरी, गोणपाटं घेऊन मोडलेल्या दाराचं तोंड झाकायला धावले. मगदूम मध्ये उभे राहून कुठे काय बांधायचं ते सांगत होते. ते सांगत असतानाच लोंबकळणाऱ्या यंत्रावर निळा दिवा लुकलुकायला लागला. वायर जोडली गेली होती.

मगदूम यंत्राकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी आपला अंगठा काचेवर ठेवला.

हिरवा दिवा लागला. "धन्यवाद, आपली ओळख पटली," बाई म्हणाली, आणि मोडलेल्या चौकटीच्या तुकड्यात कडी सुळकन आत सरकली.

मगदूम माझ्याकडे वळले. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, तुम्ही म्हणाला नेट आलं तरी उघडणार न्हाई."

मी काय सांगायचं ते जुळवत होते. एवढ्यात सर पुढे आले. त्यांच्या शर्टावर भुगा पडला होता, केस विस्कटले होते.

"ती म्हणाली ते खरं आहे," सर म्हणाले.

"आवो, पन आत्ता तर—"

"आत्ता उघडलं. पुढच्या वेळी उघडेल याची खात्री मी देऊ शकत नाही. आत माणूस असताना तर नाहीच. काढून टाका हे. तुमच्या दाराचं जे नुकसान झालं ते आमच्यामुळे झालं, असं मी लिहून देतो."

मगदूम त्यांच्याकडे वळले. "सकाळी तर म्हणत हुता, असलं दार सांगली जिल्ह्यात न्हाई."

"हो. म्हणत होतो."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मगदुमांनी जुनं दार, जुन्या लाल दांडीसकट, परत बसवलं. माल वाचला, थोडा काळा पडला. बघायला येणार होते त्या चार जणांपैकी एकही आला नाही. ऑफिसात मोठी बैठक झाली. भिंतीवर 'मूळ कारण' असं लिहून खाली कोरी जागा सोडली होती. मला विचारलं गेलं नाही. सर एकटेच उभे राहिले आणि म्हणाले की दार कसं असावं हे त्यांना लेखी कळवलं गेलं होतं आणि त्यांनी ते बाजूला ठेवलं. महिन्याभरात ते कंपनीतून गेले. काढलं की सोडलं, ते कुणी सांगितलं नाही. मीही वर्षाच्या आत निघाले. पुढे मी बऱ्याच ठिकाणी बरंच काही लिहिलं. खरं तेच लिहून पाठवलं होतं तेव्हा कुणी हललं नाही, आणि खोटं ओरडले तेव्हा लगेच पहार आली, हे काही मला अजून नीट पचलेलं नाही. त्यातून काय शिकायचं असतं कोण जाणे.

पण त्या दिवशी आम्ही तासगावहून सरळ पुण्याला आलो नाही. सरांनी न विचारताच गाडी दवाखान्याकडे वळवली.

मालनबाईंना आत नळी लावून ठेवलं होतं. आम्हाला आत सोडलं नाही. बाहेर व्हरांड्यात एकच लाकडी बाक होता, त्यावर आम्ही दोघं बसलो. सरांचा फोन सारखा वाजत होता. स्क्रीनवर मोठ्या साहेबांचं नाव येत होतं. सरांनी तो उलटा करून मांडीवर ठेवला. तरी तो मांडीवर थरथरत राहिला.

"तुझे मेल मी वाचले होते," ते समोर बघत म्हणाले. "तुला वाटलं असेल वाचले नाहीत."

"हो."

"सगळे वाचले होते."

आतून मशीनचा आवाज येत होता.

मग एक बाई घाईघाईने पायऱ्या चढून आली. कपाळावर घाम, हातात डबा आणि घडी घातलेला पुरुषी स्वेटर. ती आत डोकावली, नर्सशी बोलली, आणि पदराने तोंड पुसत आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मालन पाटलांची सून मी. तुम्ही कोण म्हणायचं?"

मी तोंड उघडणार होते. ऑफिसातून, पुण्याहून, सॉफ्टवेअर, असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं.

"ते दार आम्ही बसवलं होतं," सर म्हणाले.

तिने आम्हाला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिला ओरडायचं होतं असं वाटलं, पण ती दमलेली होती आणि आत सासू होती.

"मग उठा," ती म्हणाली. "माझं मालक येत्यात. बसू द्या त्येंना."

आम्ही उठलो. बाक रिकामा केला. सर व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभे राहिले, मी त्यांच्यापासून थोडी दूर. तिचा नवरा आला, बसला, त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. ऊन कलत कलत आमच्या पायांपर्यंत आलं. डॉक्टर बाहेर येऊन, आता श्वास मोकळा झालाय, काळजीचं कारण नाही, असं सांगून गेले तेव्हा ते दोघं लगबगीने आत गेले.

बाक पुन्हा रिकामा झाला. आम्ही दोघं उभेच राहिलो.